सहा माणसांचं रात्रीचं जेवण दीडशे रुपयांत: पोटभरीचं काय करावं, किती प्रमाणात?

मिसळणाचा_डबा

घरात सहा माणसं आहेत. दोन कर्ते, दोन वयस्कर, दोन शाळेतली मुलं (९ आणि १३ वर्षं). रात्रीचं जेवण गॅस सोडून दीडशे रुपयांच्या आत बसवायचं आहे. सध्या पोळी आणि एक भाजी असं चालतं. बटाटा, फ्लॉवर, कोबी, आठवड्यातून एकदा पनीर. पाव किलो पनीर सहा ताटांत गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला चार तुकडे येतात आणि उरलेला पैसा टोमॅटो-काजूच्या ग्रेव्हीत जातो. एवढं करूनही दहा वाजता मुलं पुन्हा डबे उघडतात.

कडधान्यं आणि पिठल्या-भाकरीकडे वळायचं ठरवलं आहे, पण अडचणी अशा: मटकीत काही दाणे कच्चेच राहतात, रस्सा खाली बसतो आणि वर पाणी तरंगतं, ज्वारीची भाकरी कडेला फाटते. घरातल्या एका वयस्कर माणसाला नीट चावता येत नाही, त्यामुळे ताटात एक तरी मऊ पदार्थ हवा. संध्याकाळी सातला गॅस पेटतो, सव्वाआठला पानं वाढायची असतात. दोन शेगड्या, कुकर, लोखंडी तवा आणि मिक्सर आहे.

नुसती नावं नकोत. सहा जणांचं प्रमाण आणि कुठे बिघडतं ते सांगा.

---

खलबत्ता

आधी हिशेब, म्हणजे पैसा कुठे जातो ते दिसेल. खाली वाटी म्हटलं की आमटीची लहान वाटी, १५० मिलीची. त्या वाटीत डाळ किंवा कडधान्य साधारण १२५ ग्रॅम बसतं, पण बेसन जेमतेम ७०-७५ ग्रॅम. वाटीच्या मापाने पाककृती फसतात त्या इथेच.

पिठलं-भाकरीचं एक जेवण घ्या. ज्वारीचं पीठ ८०० ग्रॅम (नऊ-दहा भाकऱ्या), बेसन १८० ग्रॅम, दोन कांदे, तीन मोठे चमचे तेल, लसूण-मिरची-कोथिंबीर, तोंडी लावायला ५० ग्रॅम दाण्यांची चटणी. ज्वारी ५० रुपये किलो, बेसन १००, दाणे १४० धरले तर ज्वारीचे ४०, बेसनाचे १८, दाण्यांचे ७, तेलाचे ७, कांद्याचे ६ आणि बाकी १० मिळून ८८ रुपये होतात. तुमच्या दुकानातले भाव घालून बघा, पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील. उरलेल्या साठ रुपयांत ताक, काकडी किंवा मेथीची जुडी आरामात बसते. रोज ८८ वर थांबायची गरजच नाही.

मुलांना दहाला भूक लागते कारण ताटात डाळ नाही. पोळी आणि बटाटा ही दोन्ही पिष्टं, लवकर पचून जातात. रात्रीच्या जेवणात माणशी ३० ते ४० ग्रॅम कोरडी डाळ, कडधान्य किंवा बेसन पडलंच पाहिजे, म्हणजे सहा जणांना पाव किलोच्या आसपास. हा एक आकडा धरून ठेवलात की पदार्थ कुठलाही चालेल.

आता मटकी. २५० ग्रॅम सकाळी सातला भिजत घाला. पाणी तिप्पट हवं, कारण ती भरपूर पाणी पिते. दुपारी तीन-चारला पाणी पूर्ण निथळून ओल्या पंचात बांधा आणि चाळणीत ठेवा, खाली पाणी साचता कामा नये. पाणी साचलं आणि वर घट्ट झाकण असलं की आंबूस वास येतो आणि दाणा बुळबुळीत होतो. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. म्हणजे सोमवारी भिजवलेली मटकी मंगळवारी रात्री ताटात येईल, हे गणित डोक्यात पक्कं ठेवा. मोड आल्यावर वजन दुपटीच्या वर जातं.

कच्चे राहतात ते दाणे म्हणजे गणंग. ते कितीही शिजवले तरी शिजत नाहीत, कारण त्यांच्या सालातून पाणी आत शिरतच नाही. मटकी भिजली की मोड आणण्याआधी परातीत पसरा आणि परात हलवा. गणंग दाणा बारीक, चकचकीत राहिलेला असतो आणि खड्यासारखा वाजतो. ते वेचून टाका. पाव किलोत मूठभर गणंग निघाले तर माल जुना आहे, पुढच्या वेळी दुकान बदला.

शिजवताना मोडाच्या मटकीला कुकर नको, लगदा होतो. फोडणीत परता, दाणे बुडून वर बोटभर राहील इतकं गरम पाणी घाला, वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओता आणि मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं ठेवा. झाकणातलं पाणी तापतं, तेच लागेल तसं उसळीत घालायचं. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं काहीही दाणा बोटचेपा झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की दाण्याचं साल घट्ट होतं आणि मग अर्धा तास उकळलात तरी तो तसाच राहतो. तुमच्याकडे बहुतेक टोमॅटो फोडणीत जात असणार.

---

आधण

वरच्या प्रतिसादाला +१. रस्सा फुटून पाणी वेगळं होतं त्याबद्दल जोडतो.

रस्सा दाट व्हायला काहीतरी धरून ठेवणारं लागतं. हॉटेलात ते काम काजू-टोमॅटो करतात. घरी तेच काम डाळं करतं, पंढरपुरी डाळं म्हणतात ते. सहा जणांच्या रश्शाला दोन मोठे चमचे डाळं पुरे. वाटण असं: दोन कांदे उभे चिरून चमचाभर तेलात चांगले तपकिरी होईतो भाजायचे (पिवळसर झाले की थांबू नका, रश्शाचा रंग आणि गोडी इथेच ठरते), २० ग्रॅम सुकं खोबरं, एक चमचा तीळ, सात-आठ लसूण पाकळ्या आणि शेवटी डाळं नुसतं गरम करून घ्यायचं. थोडं थोडं पाणी घालत गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर तेच कण तळाला बसतात, आणि तुमच्या पातेल्यात खाली साठतं ते हेच.

मग तीन चमचे तेलात फोडणी आणि वाटण. ते परतताना पातेल्याच्या कडेला तेल सुटलेलं दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं लागतात. तिखट आणि काळा किंवा गोडा मसाला शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाला, आधी घातला तर करपून कडू होतो. आणि पाणी आधणाचंच. तापलेल्या वाटणावर गार पाणी पडलं की सुटलेलं तेल मागे जातं, वर कट (तेलाचा तवंग) येत नाही. दुसऱ्या शेगडीवर आधण आधीच ठेवा.

मराठवाड्यात यासाठी येसर करून ठेवतात. धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ असतं ते. गार पाण्यात कालवून उकळत्या फोडणीत ओतायचं, दहा मिनिटांत दाट आमटी. घरात ना भाजी ना भिजवलेलं कडधान्य अशा दिवशी बरणीतलं येसर फार उपयोगी पडतं. दीड वाटी येसराला सात वाट्या पाणी.

आता पिठलं. अडीच वाट्या बेसन, आठ वाट्या पाणी. आठातलं अडीच वाटी गार पाणी बाजूला काढा आणि बेसनात थोडं थोडं घालून आधी घट्ट कालवा, गुठळी मोडा, मग पातळ करा. उलट केलं, म्हणजे भरपूर पाण्यात बेसन टाकलं, तर गुठळ्या तरंगत राहतात. कालवलेलं दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात तीन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या बारा लसूण पाकळ्या, पाच-सहा मिरच्या आणि दोन कांदे परता. हळद, मीठ, राहिलेलं पाणी घालून खळखळून उकळू द्या. आच कमी करा, एका हाताने बेसन धारेने सोडा, दुसऱ्या हाताने हाटत राहा. दोन मिनिटांत दाट होतं आणि इथेच बहुतेकजण गॅस बंद करतात. दाट झालं म्हणजे शिजलं असं नाही. झाकण ठेवून मंद आचेवर अजून आठ-दहा मिनिटं वाफ द्या, मधे दोनदा तळापासून हलवा. कच्च्या बेसनाची तुरट चव आणि खाल्ल्यावर पोट जड होणं याच वाफेने जातं. कडेने तेल दिसलं, वर बुडबुडे फुटताना ‘फट्‌ फट्‌’ असा जाड आवाज आला की झालं.

ताटात हवं त्यापेक्षा सरसरीत असताना उतरवा, गार होताना घट्ट होतं. बेसन शक्यतो हरभरा डाळ आणून गिरणीतून दळून घ्या. स्वस्त सुट्या बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं सापडतं, त्याचं पिठलं चिकट होतं आणि वाफ देऊनही हिरवट वास जात नाही.

---

सड्यावरचा

कोकणातली कुळथाची पिठी यादीत असू द्या, वेळ कमी असेल त्या दिवसासाठी. कुळीथ भाजून, भरडून, फोल पाखडून दळलेले असतात, त्यामुळे पीठ आधीच अर्धं शिजलेलं असतं आणि कच्चा वास येत नाही. दीड वाटी पीठ, आठ वाट्या पाणी, लसणाची सढळ फोडणी, पाच-सहा आमसुलं. उकळी आल्यावर सहा-सात मिनिटं पुरतात. आमसुलं उकळी आल्यावरच. मऊ भातावर घातली की चावायचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे घरातल्या वयस्करांसाठी हा सगळ्यात सोपा मार्ग. हिरवी मिरची नको असेल तर चमचाभर तिखट चालतं.

---

गोदाकाठ

मटकी, चवळी लवकर शिजत नसेल तर भिजवताना पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. दहा मिनिटांत मऊ होते, गॅस वाचतो.

---

खलबत्ता

@गोदाकाठ, मऊ होते हे खरं, पण रोजच्या जेवणात सोडा नको. सोड्याने साल विरघळतं, दाणा फुटून पिठूळ होतो, प्रमाण जरा वर गेलं तर साबणासारखी चव येते. आणि कडधान्यातलं ब१ जीवनसत्त्व सोड्यात टिकत नाही. ज्यासाठी आपण कडधान्याकडे वळलो त्यातलाच काही भाग असा वाया घालवणं पटत नाही.

चवळी किंवा हरभरे नेहमीच उशिरा शिजत असतील तर पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम दाण्याचं साल घट्ट करतो. भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा आरओ यंत्राचं पाणी वापरून एकदा बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

---

मालदांडी

भाकरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तीच जमली नाही तर माणूस पुन्हा पोळीकडे जातो आणि सगळा बेत बारगळतो.

फाटण्याचं पहिलं कारण पीठ. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ धरून राहतं ते त्यातल्या पिष्टाच्या चिकटपणावर. त्यालाच आपण विरी म्हणतो. दळून महिना झालेल्या पिठाची विरी गेलेली असते, त्याची भाकरी थापताच तडकते. ज्वारी धान्य म्हणूनच साठवा आणि दहा-बारा दिवसांचं पीठ दळून आणा. बाजरीचं तर आठवड्याच्या वर नको, तिच्यात तेलाचा अंश जास्त असल्याने पीठ लवकर कडवट होतं. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी मिळाली तर घ्या, भाकरी पांढरी होते आणि सकाळपर्यंत मऊ राहते. पावसाळी ज्वारी स्वस्त मिळते, पण तिची भाकरी काळपट आणि कोरडी होते. किलोमागे वाचलेले दहा-पंधरा रुपये ताटात टाकलेल्या अर्ध्या भाकरीत जातात.

दुसरं कारण पाणी. एका वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी. उकळतं म्हणजे खरंच उकळतं, नुसतं कोमट नाही. मधे खळगं करून ओता, उलथन्याच्या दांड्याने कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्याने पिष्ट थोडं शिजतं आणि पिठाला धरून ठेवतं. शिळ्या पिठालासुद्धा यानेच जीव येतो.

तिसरं, मळणं. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरतं घ्या, पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेने परातीवर दाबून पुढे ढकलत दोन-तीन मिनिटं मळा. उंडा गोल करून अंगठ्याने दाबून बघा. कडेला भेगा पडल्या तर अजून मळा किंवा दोन थेंब पाणी घाला. गुळगुळीत दबला तर थापायला घ्या. उंड्यात दिसलेली भेग थापताना मोठीच होत जाते.

थापताना परातीत पीठ जरा सढळ भुरभुरा, भाकरी हाताने फिरवत राहा, बोटांनी कडेचा भाग पातळ करत न्या. मधे पातळ आणि कडेला जाड राहिली तर फुगत नाही. तवा आधीपासून तापलेला हवा, थेंब टाकला की चर्र आवाज होऊन लगेच उडाला पाहिजे. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाका आणि लगेच वर पाणी फिरवा, सगळीकडे, कडेपर्यंत. पाणी कुठे लागलं नाही तर तिथे पांढरं पीठ राहतं आणि तीच जागा तडकते. वरचं पाणी सुकत आलं, पण ओलसर चमक अजून आहे, तेव्हा उलटा. पूर्ण सुकू दिलं तर पदर सुटत नाही. दुसरी बाजू सव्वा-दीड मिनिट, खालून खमंग ठिपके दिसेपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर.

दहा भाकऱ्यांना पस्तीस-चाळीस मिनिटं जातात. म्हणून सातला गॅस पेटला की एका शेगडीवर आमटी किंवा पिठलं वाफेला लावायचं आणि दुसरीवर तवा. भाजलेल्या भाकऱ्या एकावर एक ठेवून सुती फडक्यात गुंडाळा. स्टीलच्या डब्यात झाकून ठेवल्या तर घाम धरतो आणि खालची भाकरी ओली होते.

---

मिसळणाचा_डबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मटकीचं उत्तर मिळालं, टोमॅटो फोडणीतच जात होता. पिठलं सांगितल्याप्रमाणे झालं, गुठळी नाही. भाकरी दहातल्या सात नीट झाल्या. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, रोज चाळीस मिनिटं भाकरीला देता येणार नाहीत. आठवड्यात दोन-तीन दिवस एकाच पातेल्यात होणारं, तरीही डाळ भरपूर असलेलं काय? दोन, कुकरमध्ये तूरडाळ कधी खडबडीत राहते, कधी शिट्टीतून पिवळं पाणी उडतं.

---

आधण

डाळीचं आधी. शिट्ट्या मोजणं सोडा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळाने होते. तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा, अडीचपट पाणी, चिमूटभर हळद, अर्धा चमचा तेल. डाळ-पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. तूरडाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात जातो, तेलाने तो कमी होतो. डाळ थेट कुकरमध्ये असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून आठ मिनिटं, डब्यात असेल तर बारा ते पंधरा. वाफ आपोआप जिरू द्या. चमच्याने शिट्टी उचललीत तर आतली डाळ उसळून वर येते आणि ते पिवळं पाणी ओट्यावर पडतं, शिवाय शेवटची पाच मिनिटं डाळ आतल्या वाफेवरच मऊ होत असते, ती हुकतात. उघडल्यावर गरम असतानाच रवीने घोटा, गार डाळ एकजीव होत नाही.

---

वरणफळं_वाढा

एका पातेल्याचं म्हणाल तर वरणफळं. कुठे चकोल्या म्हणतात. मऊ असतात, मुलं आवडीने खातात, वेगळी पोळी-भाजी लागत नाही.

तूरडाळ दीड वाटी, वर सांगितल्याप्रमाणे शिजवून घोटलेली. कणीक तीन वाट्या (साधारण २५० ग्रॅम), त्यात अर्धा चमचा ओवा, हळद, तिखट, मीठ, दोन चमचे गरम तेल. पोळीपेक्षा घट्ट मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. पातेल्यात तीन चमचे तेलाची फोडणी, मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण, डाळ, आणि पाणी धरून सगळं मिळून अडीच लिटरच्या जवळपास होऊ द्या. आमटी बघून वाटेल की फारच पातळ झाली. तशीच हवी. फळं शिजताना भरपूर पाणी पितात आणि कणकेने रस दाटतो. चिंचेचा कोळ दोन चमचे, गूळ सुपारीएवढा, गोडा मसाला दीड चमचा.

कणकेचे चार गोळे करा, पोळीइतके पातळ लाटा, शंकरपाळ्यासारखे काप करा. आमटी खळखळून उकळत असतानाच तीन-चार काप एका वेळी, पसरून सोडा, पळीने हलकं हलवा, पुन्हा उकळी आली की पुढचे. मंद आमटीत सगळे काप एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि त्या गोळ्याच्या आतला भाग शेवटपर्यंत कच्चा राहतो. सगळे पडल्यावर मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. एक काप मधोमध तोडून बघा, आत पांढरी रेघ दिसली तर अजून तीन मिनिटं द्या. वाढताना चमचाभर तूप. डाळ फोडणीत पडण्याआधी मूठभर शेंगदाणे किंवा दोन वाट्या चिरलेली मेथी परतलीत तर जेवण आणखी भरीव होतं.

उरलं तर सकाळी वडीसारखं घट्ट होतं. त्यात एक वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करायचं.

---

वऱ्हाडी_पाट

विदर्भातला गोळाभात अजून कोणी सांगितला नाही. भात आणि डाळ एकाच वाफेवर होतात आणि खर्च फार कमी.

हरभरा डाळीचा भरडा दोन वाट्या. भरडा म्हणजे रव्यासारखी जाडसर दळलेली डाळ. बारीक बेसन वापरलंत तर गोळे चिकट आणि दडस होतात. भरड्यात दीड चमचा तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ, कोथिंबीर आणि तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मोहन भरड्याला नीट चोळून घ्या, मूठ दाबली की आकार राहिला पाहिजे. मग अर्ध्या वाटीपर्यंत पाणी, एकदम नाही, शिंपडत. पंधरा मिनिटांनी लिंबाएवढे पंधराएक गोळे बांधा, हलक्या हाताने. गोळा कडक होतो त्याला दोनच कारणं असतात: मोहन कमी पडलं किंवा वळताना जोराने दाबला. फुटतो तो पाणी जास्त झाल्याने.

रुंद पातेल्यात तीन वाट्या तांदूळ, साडेसहा वाट्या पाणी, मीठ. पाणी आटून भाताच्या पातळीला आलं, भोकं दिसायला लागली की गोळे वर अलगद मांडा, घट्ट झाकण, पातेल्याखाली तवा, मंद आचेवर पंधरा-अठरा मिनिटं. त्याआधी झाकण उघडू नका, वाफ गेली की गोळा मधे कच्चा राहतो.

वाढताना गोळा भातात फोडून कुस्करायचा आणि वरून लसूण, मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची गरम फोडणी, माणशी मोठा चमचाभर. तेल इथे जिवावर येऊ देऊ नका, डाळ कोरडी असते, तेलाशिवाय घशाखाली उतरत नाही. सोबत कढी लागतेच. तीन वाट्या आंबटसर ताक, दीड चमचा बेसन, दोन वाट्या पाणी रवीने घुसळून एकत्र करा आणि पहिली उकळी येईपर्यंत हलवत राहा. बेसन आधीच घुसळलेलं असलं की ताक फुटत नाही. चावण्याचा त्रास असलेल्यांच्या ताटात गोळा पूर्ण मोडून वर कढी सढळ घाला, पाच मिनिटांत मऊ होतो.

---

खलबत्ता

आठवड्याचा बेत भिजवण्यावरून ठरवा, भाजीवरून नाही. दोन दिवस मोडाच्या उसळी, दोन दिवस पीठ (पिठलं, पिठी), एक दिवस वरणफळं, एक दिवस गोळाभात किंवा आसट मुगाची खिचडी. सातव्या दिवशी अंडी खात असाल तर वरच्याच डाळं घातलेल्या रश्शात आठ उकडलेली अंडी आणि दोन बटाटे. रविवारी दोन दिवसांपुरतं वाटण एकदम करा. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं, वरून तेलाचा पातळ थर दिला की काळं पडत नाही. त्यापुढे मात्र कांद्याला आंबट वास येऊ लागतो.

वर्षाची खरेदी जमत असेल तर तूर, हरभरा आणि शाळू (रब्बी ज्वारी) फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घ्या, नवा माल तेव्हाच येतो. दोन दिवस कडक ऊन दाखवा, पूर्ण गार करून मगच डब्यात भरा. गरम धान्य भरलं तर आत वाफ धरते आणि कीड लवकर लागते. डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, ओला नको.

---

मिसळणाचा_डबा

वरणफळांचं आणि गोळाभाताचं प्रमाण वहीत उतरवून घेतलं. शेवटचं एक: रात्री दोन-तीन भाकऱ्या उरल्या आणि सकाळी कडक झाल्या तर काय?

---

मालदांडी

चुरायच्या आणि फोडणीला द्यायच्या. तीन भाकऱ्या हाताने जाडसर कुस्करा, मिक्सरमध्ये घालू नका, पीठ होतं. दोन चमचे तेलात मोहरी, मूठभर शेंगदाणे, कढीपत्ता, दोन मिरच्या, एक मोठा कांदा. दाणे तांबूस झाले की हळद, मीठ आणि चुरा. मग अर्धी वाटी ताक किंवा पाणी हाताने शिंपडा. एकाच जागी ओतलंत तर तिथे लगदा होतो आणि बाकी कोरडं राहतं. झाकण ठेवून चार मिनिटं बारीक आचेवर, उतरवताना लिंबू.

भाकरी पार कडक झाली असेल तर आदल्या रात्रीची आमटी उकळून तिच्यात तुकडे टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. तुमच्या घरी चावायला त्रास होणाऱ्यांना हेच जास्त आवडेल, वर चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल घालून द्या.